ताईची आगगाडी, भावोजींचा निळा कागद

माझे भावोजी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. दारात कुणी पाहुणा येऊन हसला, की त्यांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो हा, की वरची कवळी कुणी केली असेल. चाळीस वर्षं त्यांनी कवळ्या केल्या. दातांचे डॉक्टर वेगळे. ते लोकांना दिसतात, पाटीवर त्यांचं नाव असतं. भावोजी त्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत, खिडकी नसलेल्या जागेत, एका दिव्याखाली बसून मेणात दात रोवायचे. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं भावोजींच्या दातांनी हसतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. भावोजींना मात्र प्रत्येक जबडा पाठ आहे. एकदा भर रस्त्यात एक बाई कुणाला तरी फाडफाड बोलत होत्या. सगळे त्यांचं भांडण ऐकत होते, आणि हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खालची जरा सैल झालीय, पण अजून चार वर्षं सहज जाईल."

मी त्यांची मेहुणी. त्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या ताईची, धाकटी बहीण. पलीकडच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. भावोजींची थट्टा करणं हा मेहुणीचा हक्क असतो आणि तो मी पस्तीस वर्षं एक दिवस न चुकता बजावलाय. ते मला मेहुणीबाई म्हणतात. रागावले की नुसतं "बाई" म्हणतात.

त्यांच्या शर्टाच्या बाह्या कायम निळ्या असायच्या. त्याचं कारण आत्ताच सांगून ठेवते. कवळी तयार झाली की वरचा आणि खालचा जबडा एका लोखंडी बिजागरीवर बसवतात, मध्ये पातळ निळा कागद धरतात आणि खटखट मिटवतात. जिथे दात जरा उंच राहिला असेल तिथे निळा ठिपका उमटतो. तेवढाच घासायचा. पुन्हा कागद, पुन्हा खटखट. ह्याला ते चावा बघणं म्हणतात. ठिपके सगळीकडे सारखे उमटेपर्यंत भावोजी जेवायलाही उठायचे नाहीत. तो निळा रंग बोटांना लागायचा, बोटांचा बाह्यांना, आणि बाह्या धुवायला ताई होतीच.

ताई जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी आखल्या, आणि नोकरी संपल्यावर स्वतःच्या घरामागच्या बागेत एक अख्खं गाव वसवलं. त्या गावातून आगगाडी जाते. चार बोटं रुंदीचे पितळी रूळ, बॅटरीवर चालणारं काळं इंजिन, मागे चार डबे. तुतीच्या झाडाखालून निघून, दगडांच्या ढिगातल्या बोगद्यातून, पाच खांबांच्या पुलावरून परत स्टेशनात, असा चाळीस पावलांचा फेरा. स्टेशनाला घड्याळ, फलाटाला छप्पर, आणि सभोवती अकरा घरं, कुठलंच गुडघ्याच्या वर न येणारं. घरांवरची कौलं तिनं एकेक कापून लावली होती. बाग चिमुकली, पण ताई तिथं सकाळी गेली की दुपारी हाक मारून आणावी लागायची.

भावोजी त्या सगळ्याला "तुझी ती गाडी" म्हणायचे. वाईट बोलायचे नाहीत, पण बघायचेही नाहीत. बागेत त्यांची एक खुर्ची होती आणि ती रुळांकडे पाठ करून ठेवलेली असायची, कारण उजेड त्या बाजूनं येतो. पेपर उघडला की मागून गाडी दहा वेळा गेली तरी मान वळायची नाही. नऊ वर्षांत एकदाही त्यांनी विचारलं नाही की बोगदा का केला, पूल का केला. ताईनं कधी तक्रार केली नाही. तिच्या वाटणीची तक्रार मी करायचे. भावोजी म्हणायचे, "तिला आवडतं ना, मग झालं तर."

चार वर्षांपूर्वी शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणातून आत शिरला आणि त्यानं अर्ध्या गावाचा चुराडा केला. ताईला ते पुन्हा उभं करायला सात महिने लागले. शेवटचं कौल लावून ती उठली ती माझा खांदा धरूनच, आणि म्हणाली, "आता पुन्हा मोडलं तर मी बांधणार नाही. माझे गुडघे जमिनीला लागत नाहीत, आणि लागले तर उठत नाहीत." ताई उगाच बोलत नाही. तिनं नकाशावर ओढलेली रेघ आणि तोंडानं बोललेला शब्द, दोन्ही खोडायची तिला सवय नाही.

ह्या वर्षी भाचीचं बाळंतपण आलं आणि ताई दोन महिन्यांसाठी तिच्याकडे गेली. जाताना फ्रिजवर भावोजींसाठी कागद लावून गेली. रोज पाणी घालणे. रुळांवरची पानं झाडणे. कशालाही हात न लावणे. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित, तुतीची मोठी फांदी तोडून घेणे. ही फांदी तिसऱ्या वर्षी यादीत होती. स्टेशनावर अगदी छत्रीसारखी पसरली होती आणि बुंध्यापाशी तिला चीर गेली होती. भावोजी दरवर्षी म्हणायचे, "बघतो माणूस." तो माणूस कुठला होता कोण जाणे, तीन वर्षांत सापडला नाही.

ताई यायला एकोणीस दिवस राहिले असताना, एका दुपारी वारा सुटला. मी दुकानात एका झग्याची उसवण शिवत होते. भावोजींचा फोन आला. "मेहुणीबाई, जरा येऊन जा," इतकंच म्हणाले, आणि आवाज नको इतका शांत होता. मला वाटलं ह्यांनाच काही झालं. सुई तशीच खोवून धावत गेले.

भावोजी बागेत चपला न घालता उभे होते. फांदी पडली होती, आणि पडायला तिला साऱ्या बागेत स्टेशनच सापडलं होतं. फलाटाचं छप्पर भुईसपाट, घड्याळ कुठे दिसेना. पुलाचे पाच खांब होते, त्यातले दोन गेले. अकरा घरांपैकी सात चिरडली. बोगद्याचं तोंड ढासळलं होतं. इंजिन आणि डबे ताईनं घरात कपाटात ठेवले होते म्हणून वाचले.

मी भावोजींना जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तीन वर्षांचं 'बघतो माणूस', फांदी, यादी, अधोरेखित रेघा, सगळं काढलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. माझा जोर ओसरल्यावर म्हणाले, "ती पुन्हा बांधणार नाही म्हणाली होती."

हे मी रागात विसरले होते. फांदी, आळस, ते सगळं बाजूला राहिलं. ताई परत येईल, हे बघेल, काही न बोलता रूळ उचलून गुंडाळून ठेवेल आणि बागेत फुलझाडं लावेल. आणि मग दुपारी तिला कुठून हाक मारून आणायचं? एवढं तिथं पणाला लागलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

मी म्हटलं, फोन करून खरं सांगून टाका. ते नको म्हणाले. ती तिथं लेकीच्या उशाशी जागतेय, तिला इथलं कशाला. आल्यावर सांगेन, पण आल्यावर तिला सगळं उभं दिसलं पाहिजे. आणि मला तोंडाला कुलूप लावायला सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, तरी मी हो म्हटलं. ते एकोणीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर जेवणाच्या टेबलावर सात ट्रे मांडलेले. भावोजींनी माळ्यावरून आपल्या लॅबचं सामान काढलं होतं. प्रत्येक चिरडलेल्या घराचा एक ट्रे, त्यात त्या घराचा चिमटीनं वेचून आणलेला तुकडान् तुकडा, आणि वर चिठ्ठी. 'केस एक. लाल दाराचं घर. डावी भिंत शाबूत.' 'केस चार. पोस्ट ऑफिस. छप्पर नाही.' स्टेशन आणि पूल ओट्यावर होते. मी विचारलं, स्वयंपाक कुठे करणार. म्हणाले, बिस्किटं आहेत.

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात झाली. भावोजींचा हात बसलेला प्लास्टरवर, तेव्हा त्यांनी फलाट प्लास्टरचा ओतला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, बघत राहावं असा. मी कौतुक केलं आणि झाडांना पाणी घालायला बागेत गेले, तर फलाटावरही थोडं शिंपडलं. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर कड भुसभुशीत होऊन हातात आली. भावोजी कपाळावर हात मारून म्हणाले की प्लास्टर तोंडात टिकत नाही म्हणून तर आपण चाळीस वर्षं कवळ्या दुसऱ्या साहित्यात केल्या, आणि आता बागेत टिकेल म्हणून ओततोय.

मग त्यांनी कवळीचंच साहित्य काढलं. ते ना पाण्यानं विरघळतं ना उन्हानं तडकतं. पण त्यांच्याकडे उरलेली पावडर सगळी गुलाबी, हिरडीच्या रंगाची. शाबूत राहिलेल्या कौलांचं त्यांनी दाताच्या मापासारखं माप घेतलं, साचा केला, आणि छपरं ओतली. खिडकीत सात गुलाबी छपरं वाळत ठेवलेली बघून मला हसू आवरेना. म्हटलं, ताईच्या गावाला आता दात तेवढे यायचे राहिलेत. भावोजी हसले नाहीत. कामाच्या वेळी ते हसत नाहीत. नंतर छपरांना त्यांनी वरून कौलांचा रंग दिला.

रंगाची मात्र गंमत होती. दातांच्या छटांची एक पट्टी असते, पांढऱ्यापासून पिवळट तपकिरीपर्यंत ओळीनं सोळा दात लावलेली. ती पट्टी घेऊन भावोजी बागेत जायचे, वाचलेल्या घराच्या भिंतीला एकेक दात लावून बघायचे, डोळे बारीक करायचे आणि नंबर टिपून घ्यायचे. नवी भिंत फार कोरी दिसली तर तिला चहाच्या पाण्यानं पुसायचे. एका छपराचं एक कौल त्यांनी मुद्दाम कानसीनं टवके उडवून फोडलं, कारण शेजारच्या छपरावर तसं फुटकं कौल होतं. मी म्हटलं, अहो, चांगलं करताय तर चांगलं करा की. त्यावर ते म्हणाले, "सत्तरीच्या माणसाला विशीतले दात दिले तर घरचे दचकतात. दुरुस्ती दिसली की ती फसली."

मी पण हात लावला. खिडक्यांना जाळीचे पडदे मी लावले, अंगठ्याच्या नखाएवढे. पुलाच्या खांबांना दोरे बांधले. ग्राहक दुकानात ताटकळले तर ताटकळले.

त्यात एका शनिवारी ताईचा व्हिडिओ कॉल आला. बाळ दाखवून झालं, आणि ताई म्हणाली, जरा बागेत न्या ना मला. आमची दातखीळ बसली. मी भावोजींना खुणेनं कुंपणाकडची वाचलेली चार घरं दाखवली. त्यांनी फोन त्या बाजूला धरला, घरांवरून इतका सावकाश फिरवला की त्या चार घरांचं शहर झालं. ताई म्हणाली, "अहो, स्टेशनाकडे न्या." भावोजींनी फोन गर्रकन स्वतःकडे वळवला आणि म्हणाले, "आधी बाळाच्या हिरड्या बघू." तिकडे भाचीनं फोन बाळाच्या तोंडाशी नेला, बाळानं मोठी जांभई दिली, आणि भावोजी अगदी गंभीरपणे बघून म्हणाले, छान आहेत, जबडा रुंद आहे, दाटीवाटी होणार नाही. ताई आजोबांच्या ह्या नव्या मायेनं एवढी चकित झाली की स्टेशन विसरली. मी घरात पळाले आणि फ्रिजमागे तोंडात ओढणी कोंबून हसले.

आता त्या दिवसाबद्दल सांगते जेव्हा मी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबले.

स्टेशनाचा ढिगारा उपसताना भावोजींना एक बाक सापडलं. फलाटाच्या मागच्या बाजूला, रुळांकडे पाठ करून ठेवलेलं. त्यावर बोटाएवढा माणूस बसलेला, हातात पेपर. माणसाचं डोकं उडालं होतं, एक हात तुटला होता, पण मला ओळखायला डोकं लागलं नाही. शर्टाच्या बाह्यांना निळ्या रंगाचे ठिपके होते. आणि शर्टाचं बटण एक घर चुकलेलं, भावोजींचं रोज चुकतं तसं. मी खुर्चीवर बसून पोट धरून हसले. भावोजींनी बाक उलटं केलं. खाली पेन्सिलीनं ताईच्या नकाशातल्या रेखीव अक्षरात एकच शब्द होता. 'हे.'

भावोजींनी भिंग लावून तो शब्द बराच वेळ बघितला. मग मला विचारलं, "मी असाच बसतो?"

एरवी मी काहीतरी खोचक बोलले असते. त्या दिवशी जमलं नाही. म्हटलं, "हो भावोजी. नऊ वर्षं."

त्या बाकाचा त्यांनी वेगळा ट्रे केला आणि चिठ्ठीवर फक्त 'केस आठ' लिहिलं. मला खरं तर त्यांचा राग यायला हवा होता, इतकी वर्षं येत होता. त्या दुपारी त्यांची दया आली. ताईनं आपल्या गावात त्यांना जागा दिली होती, शर्टाच्या बटणासकट, आणि त्यांना ते कळायला फांदी पडावी लागली.

त्या माणसाचं डोकं त्यांनी तीनदा केलं. पहिल्यांदा नाक मोठं झालं, दुसऱ्यांदा तोंड उघडं राहिलं आणि त्यात त्यांनी दात कोरले, ते मी बदलायला लावलं. तिसऱ्यांदा जमलं. बाक परत लावायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, आता तोंड रुळांकडे करून लावा. ताई आली की एका नजरेत ओळखेल, तिला किती बरं वाटेल. मला वाटलं मी फार मोठी गोष्ट सुचवली. भावोजींनी मान हलवली. म्हणाले, "केस जशी आली तशीच परत जाते, मेहुणीबाई. पेशंटनं मागितलं नाही ते आपण करायचं नाही." आणि बाक होतं तसंच, पाठमोरं, जुन्या भोकांवर भोकं जुळवून बसवलं. मी चिडून घरी गेले. वाटेत मला पटलं की तेच बरोबर आहेत, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बोगदा शेवटी राहिला. नवं तोंड ओतलं ते आतून जाड झालं. बाहेरून बघायला देखणं, पण गाडी आत शिरली की कुठेतरी खरखर घासायची आणि थांबायची. दिसायला मार्ग नाही, बोगद्यात डोकं घालता येत नाही. भावोजी विचार करत बसले, आणि मग उठून आतून तो निळा कागद घेऊन आले. बोगद्याच्या छताला आणि भिंतींना आतून कागद चिकटवला आणि गाडी सोडली. बाहेर आली तेव्हा इंजिनाच्या धुरांड्यावर एक ठिपका आणि तिसऱ्या डब्याच्या कडेवर एक रेघ. कुठे लागतंय ते कळलं. तेवढंच घासलं. पुन्हा कागद, पुन्हा गाडी.

हे तीन दिवस चाललं. भावोजी, जे वाकून चपलेचा पट्टा लावायला कुरकुर करतात, ते मातीत पालथे पडून, बोगद्याच्या तोंडाला डोळा लावून, हातात ते कवळी घासायचं बारकं मशीन घेऊन वाट बघत. गाडी आत शिरली की गप्प. दुसऱ्या तोंडातून नाक दिसलं की स्वतःशीच म्हणायचे, "आली." प्रत्येक वेळी. दहाव्यांदा आली तरी "आली." नऊ वर्षं ज्या गाडीकडे त्यांनी पाठ केली होती तिची अशी वाट बघताना त्यांना बघून मी उठले आणि जाऊन चहा टाकला.

ताई यायच्या दिवशी सकाळी सगळं तयार होतं. मी म्हटलं, अंघोळ करा, शर्ट बदला. पण भावोजींना चैन पडेना, म्हणाले शेवटचा एक चावा बघतो. कागद लावला, गाडी सोडली. तेवढ्यात मी दारातून ओरडले की टॅक्सी आली. त्यांनी घाईघाईनं बोगद्यातला कागद ओढून काढला, डबे पुसले, गाडी स्टेशनात उभी केली, आणि पेपर घेऊन खुर्चीत जाऊन बसले. पेपर उलटा होता, तो मी सुलटा केला.

ताई बॅग दारात टाकून थेट बागेत आली. आधी झाडं बघितली, मग गाव. तिनं स्टेशन बघितलं, पूल बघितला, फेरी मारली. चेहऱ्यावरून काही कळेना. मोजणीच्या कचेरीतली माणसं अशीच असतात, हद्दीवरून चालून जातात आणि काही बोलत नाहीत. मग म्हणाली, "छान राखलंत हो," आणि गाडी सुरू करायला इंजिनाकडे वाकली. वाकताना आधार घ्यावा तसं तिचं बोट धुरांड्यावर टेकलं.

बोट निळं झालं.

ताईनं ते बोट उजेडात धरलं. मला राहवलं नाही. "तुतीचा डाग असेल," मी म्हटलं.

"तुती संपून महिना झाला," ताई म्हणाली. "आणि तुतीचा डाग जांभळा असतो. हा निळा आहे. पस्तीस वर्षं बाह्या धुतल्यात मी." मग ती भावोजींकडे वळली. "बोगद्यात चावा उंच लागत होता का?"

भावोजींनी पेपर खाली ठेवला. "दोन ठिकाणी," ते म्हणाले. "छताला आणि डाव्या अंगाला. घासला."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. फांदी, सात घरं, प्लास्टरचा फलाट, हिरड्या. काही लपवलं नाही, माणूस शोधला नव्हता हेही सांगितलं. ताई आधी भडकली. आमच्या घराण्यात ते आहे, तिचं उशिरा येतं इतकंच. तीन वर्षं कागदावर लिहितेय, म्हणाली, दोनदा अधोरेखित करतेय, आणि ती दुसरी फांदी बघा, तिलाही चीर गेलीय. भावोजी म्हणाले, उद्या माणूस आणतो. ताई म्हणाली, उद्या नको, आज. माणूस तासाभरात आला. तीन वर्षं न सापडलेला माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात बसलेला होता.

फांदी उतरवून झाल्यावर ताईनं खरी पाहणी सुरू केली. चष्मा बदलला, स्टूल घेतलं आणि घराघरापाशी बसली. एकेक छप्पर हातात घेऊन बघितलं. आतून ते गुलाबी होतं, ते बघून हसली. पुलापाशी म्हणाली, तिसरा खांब वाकडा आहे. भावोजी म्हणाले, तो पहिल्यापासून वाकडाच होता, माझ्याकडे माप आहे. ताईनं आठवून बघितलं आणि कबूल केलं. शेवटी ती बाकापाशी आली.

तिथं ती थांबली. तिला वाटलं असणार की हे ह्यांनी बघितलं. भावोजी तिच्या मागे उभे होते, हात मागे बांधून, शाळेतल्या मुलासारखे. ताईनं चिमटा मागितला. मी दिला. तिनं बाकावरचा माणूस अलगद उचलला. पेपर हातातून काढायला गेली तर निघेना, भावोजींनी तो पक्का ओतला होता. मग पेपरसकट तिनं त्याला नेलं आणि बोगद्याच्या तोंडाशी एका दगडावर बसवलं, रुळांकडे तोंड करून.

"मी पुन्हा बांधणार नाही म्हणाले होते," ती म्हणाली. "ते अजूनही खरं आहे. ह्यापुढे मोडलं तर गुडघे तुमचे वापरायचे."

भावोजींनी मान डोलावली. मग खाली बसून, डोळा रुळांच्या पातळीला आणून, त्या दगडाकडे बघत म्हणाले, "इथून गाडी फार जवळून जाईल. पेपरला घासेल."

"मग कागद आणा," ताई म्हणाली.

भावोजी कागद आणायला आत गेले. ताई इंजिनावर हात ठेवून त्यांची वाट बघत बसली, आणि मी दुकान उघडायला निघाले.